बहुराष्ट्रीय शीघ्र कृती दले : कागदावरची सज्जता आणि प्रत्यक्षातील कसोटी

एखाद्या देशात यादवी पेटते, निवडून आलेले सरकार बंदुकीच्या धाकाने उलथवले जाते किंवा एखाद्या समाजाची सरसकट कत्तल सुरू होते, तेव्हा पहिले काही आठवडे निर्णायक ठरतात. त्या अवधीत थोडे पण शिस्तबद्ध सैन्य घटनास्थळी पोहोचले, तर हिंसाचाराचा वणवा आटोक्यात येऊ शकतो. पुढे त्याच कामाला दसपट सैन्य आणि कित्येक वर्षे लागतात. या जाणिवेतून गेल्या सात दशकांत अनेक राष्ट्रांच्या सैन्यतुकड्यांची संयुक्त ‘शीघ्र कृती दले’ उभारण्याचे प्रयत्न झाले. संयुक्त राष्ट्रे, नेटो, युरोपीय संघ, आफ्रिकन संघ, पश्चिम आफ्रिकी देशांचा ‘इकोवास’ हा समूह आणि रशियाच्या पुढाकाराने स्थापन झालेली सामूहिक सुरक्षा करार संघटना अशा सर्वांनी आपापली दले कागदावर आणली. त्यांपैकी प्रत्यक्ष संकटात उतरलेली दले मोजकी आहेत. काही दले तर एकदाही न वापरता विसर्जित झाली. असे का घडले, याचा हा आढावा.

संकल्पना

या लेखातील ‘शीघ्र कृती दल’ म्हणजे आपल्याकडे दंगल-नियंत्रणासाठी केंद्रीय राखीव पोलीस दलात असलेले त्याच नावाचे दल नव्हे. येथे अभिप्रेत आहे ती दोन किंवा अधिक राष्ट्रांच्या सैन्याची अशी रचना, जिचे मुख्यालय, नेतृत्वाची उतरंड, सरावाचा कार्यक्रम आणि निघण्याची मुदत आधीच ठरलेली असते. बहुतेक दलांत सैनिक एका छावणीत कायम एकत्र राहत नाहीत. ते आपापल्या देशात, आपापल्या सेनापतींच्या हाताखाली असतात. ठरावीक काळासाठी त्यांना ‘सज्ज’ घोषित केले जाते आणि आदेश मिळताच ते एका संयुक्त मुख्यालयाच्या अधीन होतात.

या व्यवस्थेतील मर्मस्थान येथेच आहे. सैनिक सज्ज असतो, विमान सज्ज असते, मुख्यालयही सज्ज असते. परंतु तो सैनिक पाठवायचा की नाही, याचा अंतिम अधिकार प्रत्येक राष्ट्राच्या सरकारकडे, आणि अनेक देशांत संसदेकडे, राहतो. कोणत्याही राष्ट्राने हा अधिकार आजवर पूर्णपणे सोडून दिलेला नाही.

सनदेतील अपुरी राहिलेली तरतूद

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४३व्या कलमानुसार सदस्य राष्ट्रांनी विशेष करार करून सुरक्षा परिषदेला सैन्य उपलब्ध करून द्यावे, अशी योजना होती. तातडीच्या कारवाईसाठी हवाई दलांच्या तुकड्या तत्काळ उपलब्ध ठेवण्याची तरतूद ४५व्या कलमात आहे आणि या साऱ्यावर देखरेख करण्यासाठी लष्करी प्रमुखांची समिती ४७व्या कलमान्वये नेमण्यात आली. शीतयुद्ध सुरू झाले आणि यांपैकी एकही करार झाला नाही. १९४८ मध्ये पहिले सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी एक छोटे ‘संयुक्त राष्ट्र रक्षक दल’ असावे, अशी सूचना केली. तीही बड्या राष्ट्रांनी मान्य केली नाही. परिणामी, संयुक्त राष्ट्रांना आजही स्वतःचे सैन्य नाही. प्रत्येक मोहिमेसाठी सदस्य राष्ट्रांकडे नव्याने सैनिक मागावे लागतात.

सुएझ आणि काँगो : सुरुवातीचे वेगवान प्रयोग

विशेष म्हणजे, कोणतेही सज्ज दल नसताना संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या सुरुवातीच्या दोन मोठ्या मोहिमा वेगाच्या बाबतीत आजही नमुनेदार मानल्या जातात. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केल्यानंतर कॅनडाचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी आंतरराष्ट्रीय आपत्कालीन दलाची कल्पना मांडली. ४ नोव्हेंबर रोजी महासभेने सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांना आराखडा देण्यास सांगितले आणि १५ नोव्हेंबरला पहिले सैनिक इजिप्तमध्ये उतरले. या दलात भारताने पॅराशूट रेजिमेंटची बटालियन पाठवली. पुढील काळात लेफ्टनंट जनरल पी. एस. ग्यानी आणि मेजर जनरल इंदरजित रिखी या भारतीय अधिकाऱ्यांनी दलाचे नेतृत्वही केले. पिअर्सन यांना १९५७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

काँगोमध्ये १९६० साली याहून अधिक वेग दिसला. १४ जुलैला सुरक्षा परिषदेचा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी ट्युनिशियाचे सैनिक तेथे पोहोचले. या मोहिमेतील सैन्यसंख्या पुढे सुमारे २० हजारांवर गेली. भारताने १९६१ मध्ये संपूर्ण ब्रिगेड पाठवली. त्या वर्षी ५ डिसेंबर रोजी एलिझाबेथव्हिल, म्हणजे आजच्या लुबुंबाशी, येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी प्राणार्पण केले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळवणारे ते एकमेव सैनिक आहेत.

या दोन्ही वेळी वेग आला तो राजकीय एकमतामुळे. सुएझमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांनाही युद्ध थांबायला हवे होते. दल किती काळ टिकणार, हेही राजकारणावरच अवलंबून होते. मे १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढून घेताच ते दल मागे घ्यावे लागले आणि जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. माघार पूर्ण होण्यापूर्वीच गाझा पट्टीत अडकलेल्या भारतीय तुकडीतील सैनिकांना त्या युद्धात प्राण गमवावे लागले.

रवांडा : विलंबाची किंमत

शीघ्र कृती दलांच्या चर्चेला आजचे गांभीर्य आले ते १९९४ च्या रवांडातील वंशसंहारामुळे. तेथे कॅनडाचे जनरल रोमिओ दालेर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार सैनिकांची संयुक्त राष्ट्रांची मोहीम होती. ७ एप्रिल रोजी बेल्जियमच्या १० शांतिसैनिकांची हत्या झाली, बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने मोहीम वाढवण्याऐवजी २७० जणांपर्यंत घटवण्याचा ठराव केला. कत्तलीची व्याप्ती जगासमोर आल्यावर १७ मे रोजी संख्या ५,५०० करण्यास मंजुरी मिळाली. तथापि हे सैनिक प्रत्यक्ष मिळण्यास सुमारे सहा महिने लागले. तोवर सुमारे १०० दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली होती.

त्या वेळी संयुक्त राष्ट्रांकडे ‘राखीव सैन्याची व्यवस्था’ अस्तित्वात होती. १९ सरकारांनी गरज पडल्यास सैन्य देण्याची हमी दिली होती. सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी जानेवारी १९९५ च्या आपल्या अहवालात नोंदवले की, रवांडासाठी विचारणा केली असता या १९ पैकी एकाही सरकारने होकार दिला नाही. सज्जतेची यादी आणि पाठवण्याची तयारी या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या एका नोंदीने जगापुढे उघड केले.

उच्च सज्जता ब्रिगेड : तेरा वर्षांचा प्रयोग

रवांडानंतर डेन्मार्कच्या पुढाकाराने एक महत्त्वाचा प्रयोग झाला. १५ डिसेंबर १९९६ रोजी ऑस्ट्रिया, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे, पोलंड आणि स्वीडन या सात देशांनी संयुक्त राष्ट्रांसाठी ‘उच्च सज्जता राखीव ब्रिगेड’ उभारण्याचे ठरवले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘शिरब्रिग’ या नावाने ओळखली गेली. कोपनहेगनजवळ होवेल्टे येथे तिचे कायमस्वरूपी नियोजन पथक होते. चार ते पाच हजार सैनिक १५ ते ३० दिवसांत पाठवण्याचे उद्दिष्ट होते.

२००० च्या अखेरीस इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्यातील युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी ही ब्रिगेड प्रथम गेली आणि तिने आपले काम व्यवस्थित पार पाडले. त्यानंतर मात्र तिचा उपयोग प्रामुख्याने मुख्यालय उभारणे आणि नियोजनात साहाय्य करणे इतक्यापुरता मर्यादित राहिला. सदस्य देशांचे सैन्य अफगाणिस्तान आणि इराकमध्ये गुंतले, नव्या मोहिमांसाठी सैनिक मिळेनासे झाले आणि ३० जून २००९ रोजी ब्रिगेड विसर्जित करण्यात आली.

याच सुमारास, ऑगस्ट २००० मध्ये, लखदर ब्राहिमी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शांतिमोहिमांसाठी कालमर्यादा सुचवली. ठरावानंतर पारंपरिक स्वरूपाची मोहीम ३० दिवसांत आणि गुंतागुंतीची मोहीम ९० दिवसांत तैनात व्हावी, असा तो निकष होता. आजही याच मोजपट्टीने विलंब मोजला जातो. २०१५ पासून संयुक्त राष्ट्रांनी सदस्य देशांच्या तुकड्यांची नोंद ठेवणारी नवी सज्जता प्रणाली सुरू केली. तिच्या सर्वांत वरच्या पातळीवरील तुकड्यांनी विनंतीनंतर ६० दिवसांत निघावे, अशी अपेक्षा आहे.

पुढाकार घेणाऱ्या राष्ट्राचे महत्त्व

एखादे समर्थ राष्ट्र स्वतःहून पुढे आले, तर ऐनवेळी जमवलेले दलही सज्ज दलांपेक्षा लवकर पोहोचते, असा अनुभव आहे. पूर्व तिमोरमध्ये ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात सुमारे ७८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याचा कौल दिल्यानंतर सशस्त्र टोळ्यांनी हिंसाचार माजवला. इंडोनेशियाने संमती देताच १५ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेचा ठराव झाला आणि २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील बहुराष्ट्रीय दल दिलीमध्ये उतरले. मेजर जनरल पीटर कॉस्ग्रोव्ह यांच्या या दलात २२ देश सहभागी झाले. तथापि निम्म्याच्या आसपास सैनिक, तसेच जहाजे आणि रसदीचा भार ऑस्ट्रेलियाने उचलला.

२००३ मध्ये काँगोच्या इतुरी प्रांतातील बुनिया शहरात वांशिक टोळ्यांनी नागरिकांची हत्या सुरू केली, तेव्हा ३० मेच्या ठरावानंतर आठवडाभरात फ्रान्सच्या सैनिकांची आघाडीची तुकडी तेथे पोहोचली. युगांडातील एंटेबे विमानतळाचा तळ म्हणून वापर झाला. ‘आर्टेमिस’ या नावाची ही मोहीम नेटोच्या साहाय्याविना युरोपबाहेर पार पडलेली युरोपीय संघाची पहिली लष्करी कारवाई होती. दोन हजारांच्या आसपास सैनिकांनी शहर सुरक्षित केले आणि १ सप्टेंबरला जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या दलाकडे सोपवली. अल्पकाळ, ठरावीक क्षेत्र आणि पुढे कोणाकडे सूत्रे द्यायची याची निश्चिती, ही तिच्या यशाची कारणे मानली जातात.

युरोपीय संघ : सज्ज पण न वापरलेले युद्धगट

आर्टेमिसच्या यशातून युरोपीय संघाने २००४ मध्ये ‘युद्धगट’ उभारण्याचा निर्णय घेतला. प्रत्येकी सुमारे १,५०० सैनिकांचे दोन गट सहा-सहा महिन्यांच्या पाळीने सज्ज ठेवायचे, निर्णयानंतर दहा दिवसांत घटनास्थळी पोहोचवायचे आणि ३० दिवस, गरज पडल्यास १२० दिवस, तेथे ठेवायचे, अशी योजना होती. १ जानेवारी २००७ पासून ही व्यवस्था पूर्ण क्षमतेने कार्यरत असल्याचे घोषित झाले. त्यानंतर आजतागायत एकही युद्धगट प्रत्यक्ष मोहिमेवर गेलेला नाही. २००८ मध्ये चाड आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात निर्वासितांच्या रक्षणासाठी युरोपीय संघाने सैन्य पाठवले खरे. परंतु तेही सज्ज गट बाजूला ठेवून, नव्याने जमवून.

याची कारणे रचनेतच होती. सैन्य पाठवण्याच्या निर्णयासाठी सर्व सदस्यांचे एकमत लागते. शिवाय, सामायिक निधीतून खर्चाचा अल्प भागच मिळतो. उरलेला खर्च ज्या देशाचे सैनिक जातील त्याच्या माथी पडतो. त्यामुळे ज्या देशाची त्या सहामाहीत पाळी असेल, त्याला मोहिमेला नकार देणे आर्थिकदृष्ट्या सोयीचे ठरते.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून आपल्या नागरिकांना बाहेर काढण्यासाठी युरोपला अमेरिकेवर विसंबावे लागले. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये संघाने पाच हजार सैनिकांपर्यंतच्या ‘शीघ्र तैनाती क्षमते’चा आराखडा स्वीकारला आणि त्यासाठी २०२५ ची मुदत ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पेनमध्ये तिचा पहिला प्रत्यक्ष सराव झाला. एकमताची अट मात्र कायम आहे.

नेटो : आपत्तीतील मदतीपासून युरोपच्या संरक्षणापर्यंत

नेटोने नोव्हेंबर २००२ मधील प्राग शिखर परिषदेत ‘प्रतिसाद दल’ स्थापण्याचे ठरवले. सुमारे २५ हजारांचे हे दल २००६ मध्ये पूर्णतः सज्ज असल्याचे जाहीर झाले. सुरुवातीला त्याच्या काही भागांचा वापर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची सुरक्षा आणि २००५ मध्ये अमेरिकेतील कॅटरिना चक्रीवादळ व पाकिस्तानातील भूकंप यांतील मदतकार्यासाठी झाला. क्रिमियावर रशियाने ताबा मिळवल्यानंतर २०१४ मध्ये दलाची संख्या वाढवण्याचा आणि त्यात काही दिवसांत निघू शकणारी सुमारे पाच हजारांची आघाडीची तुकडी ठेवण्याचा निर्णय झाला.

युक्रेनवर रशियाने आक्रमण केल्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी, सामूहिक संरक्षणासाठी हे दल प्रथमच कार्यान्वित झाले आणि त्यातील तुकड्या रुमानियात पाठवण्यात आल्या. जुलै २०२४ मध्ये त्याची जागा नव्या ‘मित्रराष्ट्र प्रतिक्रिया दला’ने घेतली. नेटोचे हे उदाहरण इतरांपेक्षा वेगळे आहे. येथे धोका सर्वच सदस्यांना जाणवत होता आणि सैन्य सदस्य राष्ट्राच्याच भूमीवर जायचे होते. म्हणून निर्णयाला वेळ लागला नाही.

आफ्रिका : सर्वांत व्यापक योजना, संमिश्र अनुभव

आफ्रिकन संघाची योजना सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. २००२ मध्ये डर्बन येथे संमत झालेल्या शांतता व सुरक्षा परिषदेच्या मसुद्यात ‘आफ्रिकन सज्ज दला’ची तरतूद आहे. पश्चिम, पूर्व, मध्य, दक्षिण आणि उत्तर अशा पाच विभागांनी प्रत्येकी एक बहुराष्ट्रीय तुकडी उभारावी आणि वंशसंहारासारख्या प्रसंगी १४ दिवसांत हस्तक्षेप करावा, असे तिचे स्वरूप आहे. रवांडाची आठवण या १४ दिवसांच्या अटीमागे स्पष्ट दिसते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लोहाटला येथे मोठा संयुक्त सराव झाल्यानंतर दल सज्ज असल्याचे घोषित करण्यात आले.

त्यापूर्वीच मालीने या योजनेतील उणीव दाखवून दिली होती. २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र गटांच्या ताब्यात गेली. आफ्रिकी दलाला सुरक्षा परिषदेची मंजुरी डिसेंबरमध्ये मिळाली. परंतु ते पुढील शरद ऋतूपूर्वी पोहोचण्याची चिन्हे नव्हती. १० जानेवारी २०१३ रोजी बंडखोरांनी कोना हे गाव घेऊन दक्षिणेकडे मोर्चा वळवताच मालीने फ्रान्सकडे मदत मागितली आणि ११ जानेवारीला फ्रेंच कारवाई सुरू झाली. आपल्या खंडातील संकटात पूर्वीच्या वसाहतसत्तेला धावून यावे लागले, याची बोच आफ्रिकी नेत्यांना लागली. त्याच वर्षी मे महिन्यात स्वेच्छेने पुढे येणाऱ्या देशांचे एक तात्पुरते तातडीचे दल उभारण्याचे ठरले. तेही कधी तैनात झाले नाही.

याउलट गांबियात २०१७ साली इकोवासला यश मिळाले. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत पराभूत होऊनही राष्ट्राध्यक्ष याह्या जामे यांनी पद सोडण्यास नकार दिला. विजयी उमेदवार अडामा बॅरो यांनी १९ जानेवारीला सेनेगलची राजधानी डकार येथील गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली. त्याच दिवशी सेनेगलच्या नेतृत्वाखालील सैन्याने सीमा ओलांडली, मग वाटाघाटींसाठी ते थांबले आणि २१ जानेवारीला जामे देश सोडून गेले. गांबिया तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेला छोटा देश आहे, तेथील सैन्य अल्प होते, कायदेशीर राष्ट्राध्यक्षांचीच विनंती होती आणि शेजाऱ्यांत एकवाक्यता होती. ही सारी अनुकूलता एकत्र येणे दुर्मीळ असते.

नायजरमध्ये ती आली नाही. २६ जुलै २०२३ च्या लष्करी उठावानंतर इकोवासने आधी सात दिवसांची मुदत दिली आणि १० ऑगस्टला राखीव दल सज्ज करण्याचा आदेश दिला. माली आणि बुर्किना फासो यांनी नायजरच्या लष्करी राजवटीची बाजू घेतली, नायजेरियात विरोधी सूर उमटले आणि एकही सैनिक सीमेपलीकडे गेला नाही. पुढे हे तिन्ही देश जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले. अमलात न आणलेल्या धमकीने संघटनेची पत आणि सदस्यसंख्या दोन्ही घटली. डिसेंबर २०२५ मध्ये बेनिनमधील उठावाचा प्रयत्न मात्र तेथील सरकारच्या विनंतीवरून नायजेरियाच्या लढाऊ विमानांच्या साहाय्याने त्याच दिवशी मोडून काढण्यात आला आणि इकोवासने राखीव दलाच्या तुकड्या पाठवण्याचा आदेश दिला. सरकार टिकून असणे आणि शेजारी बलाढ्य राष्ट्र तयार असणे, हाच दोन्ही प्रसंगांतील फरक होता.

मोझांबिकच्या काबो देलगादो प्रांतात २०२१ मध्ये आणखी एक विरोधाभास दिसला. दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाची चर्चा अनेक महिने चालली. दरम्यान रवांडाने द्विपक्षीय करार करून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक हजार सुरक्षाकर्मी पाठवले. समुदायाचे दल त्यानंतर दाखल झाले. निधीच्या चणचणीमुळे त्या दलाने २०२४ मध्ये मोहीम आवरती घेतली, तर रवांडाचे सैन्य तेथेच राहिले. ज्या देशात १९९४ साली जग वेळेवर पोहोचले नाही, त्याच देशाचे सैन्य आज आफ्रिकेत तातडीने पोहोचणाऱ्यांत गणले जाते.

कझाकस्तान : वेग आणि वैधता यांचा प्रश्न

वेगाचा निकष लावला, तर जानेवारी २०२२ मधील कझाकस्तानची मोहीम आघाडीवर ठरते. इंधन दरवाढीविरोधातील निदर्शनांना हिंसक वळण लागल्यावर राष्ट्राध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव यांनी ५ जानेवारीला सामूहिक सुरक्षा करार संघटनेकडे मदत मागितली. दुसऱ्याच दिवशी रशियन वाहतूक विमानांतून सैनिक उतरू लागले. पाच देशांचे दोन हजारांहून अधिक सैनिक गेले आणि १९ जानेवारीपर्यंत परतही आले. या अशांततेत दोनशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. संघटनेच्या स्थापनेनंतरची ही पहिलीच सामूहिक तैनाती होती.

याच संघटनेचे अन्य प्रसंगांतील वर्तन वेगळे होते. जून २०१० मध्ये किरगिझस्तानच्या ओश भागातील वांशिक दंगलीत चारशेहून अधिक माणसे मारली गेली. अंतरिम राष्ट्राध्यक्ष रोझा ओतुनबायेवा यांनी रशियाकडे सैन्य मागितले, तेव्हा हा अंतर्गत प्रश्न असल्याचे उत्तर मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये अझरबैजानशी झालेल्या संघर्षात आर्मेनियाने मदत मागितली असता केवळ पाहणी पथक आले. कझाकस्तानात सैन्य पाठवण्याची घोषणा संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष या नात्याने आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिनयान यांनीच केली होती. त्यांनी २०२४ मध्ये संघटनेतील आपल्या देशाचा सहभाग गोठवल्याचे जाहीर केले.

येथे दोन प्रश्न उद्भवतात. एक, दल कोणासाठी धावते : संकटातील जनतेसाठी, की अडचणीत आलेल्या सत्ताधाऱ्यांसाठी? दोन, एकाच मोठ्या राष्ट्राच्या इच्छेवर चालणाऱ्या दलाला सामूहिक म्हणावे काय? निर्णय जितका थोड्या हातांत, तितका तो लवकर होतो. मात्र तितकीच त्याची निष्पक्षता कमी भासते. बहुराष्ट्रीय दलांपुढील हा मूळ पेच आहे.

यशापयशाचे चार घटक

वरील अनुभवांतून चार घटक पुनःपुन्हा समोर येतात.

पहिला घटक अधिकृत आधाराचा. सुरक्षा परिषदेचा ठराव किंवा यजमान देशाची विनंती असेल, तर सहभागी सरकारांना आपल्या संसदेपुढे व जनतेपुढे जाणे सोपे होते. ज्या देशात विनंती करणारे सरकारच बंदिस्त झाले, त्या नायजरमध्ये हा आधार दुबळा ठरला.

दुसरा घटक नेतृत्व करणाऱ्या राष्ट्राचा. मुख्यालय, दळणवळण, गुप्तवार्ता आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले क्षेत्रीय रुग्णालय पुरवणारे एक राष्ट्र मध्यवर्ती नसेल, तर दहा देशांच्या दहा तुकड्या एकत्र येऊनही दल उभे राहत नाही.

तिसरा घटक वाहतुकीचा. पायदळाची बटालियन काही तासांत छावणीबाहेर पडू शकते. परंतु तिची चिलखती वाहने, दारूगोळा, पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा आणि हेलिकॉप्टर हजारो किलोमीटर नेण्यास अवजड मालवाहू विमाने लागतात. अशा विमानांचा मोठा ताफा मोजक्याच देशांकडे आहे. आफ्रिकन संघाने कॅमेरूनमधील डुआला येथे खंडीय रसद तळ उभारला, तरी साहित्य तेथून पुढे नेण्यासाठी बाहेरच्या मदतीची गरज संपलेली नाही.

चौथा घटक पैशाचा. हैतीतील टोळीयुद्ध रोखण्यासाठी केनियाच्या नेतृत्वाखालील मोहिमेला सुरक्षा परिषदेने २ ऑक्टोबर २०२३ रोजी मंजुरी दिली. मुख्यतः पोलिसांचा समावेश असलेल्या या मोहिमेची पहिली तुकडी जून २०२४ च्या अखेरीस पोहोचली आणि स्वेच्छा निधीवर भिस्त असल्याने २,५०० चे उद्दिष्ट निम्मेही गाठता आले नाही. आफ्रिकन संघाच्या मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या अनिवार्य वर्गणीतून देता येईल, असा ठराव सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये केला आहे. प्रत्येक मोहिमेसाठी मात्र स्वतंत्र मंजुरी लागते.

भारताची भूमिका

भारत कोणत्याही लष्करी आघाडीच्या शीघ्र कृती दलात सामील नाही. परदेशातील बहुराष्ट्रीय कारवाईत सैन्य पाठवायचे ते संयुक्त राष्ट्रांच्या अधिपत्याखालीच, हे भारताचे प्रस्थापित धोरण आहे. जुलै २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती भारताने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट अधिकारपत्राअभावी नाकारली. आतापर्यंत ५० हून अधिक शांतिमोहिमांत भारताचे सुमारे २ लाख ९० हजार सैनिक व पोलीस सहभागी झाले असून सुमारे १८० जणांनी प्राणांची आहुती दिली आहे.

सैन्य देणाऱ्या देशांचा निर्णयप्रक्रियेत सहभाग असावा, हा भारताचा आग्रह जुना आहे. सुरक्षा परिषदेचा सदस्य नसलेल्या राष्ट्राकडे सैन्य मागण्यापूर्वी त्याला निर्णयात सहभागी करून घ्यावे, असे सनदेचे ४४वे कलम सांगते. भारत त्याचा वारंवार दाखला देतो. निर्णय न्यूयॉर्कमध्ये एका गटाने घ्यायचा आणि धोका दुसऱ्याच देशांच्या सैनिकांनी पत्करायचा, ही विषमता दूर झाल्याशिवाय तत्परतेने सैन्य मिळणार नाही, असा या भूमिकेचा आशय आहे.

निर्णय एकाच राजधानीत होत असेल, तर किती वेगाने हालचाल करता येते, याचे उदाहरण भारतानेच घालून दिले आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांच्या विनंतीनंतर त्याच रात्री आग्र्याहून निघालेले भारतीय छत्रीधारी सैनिक हुलहुले विमानतळावर उतरले आणि उठाव फसला. अर्थात, ही बहुराष्ट्रीय नव्हे, तर द्विपक्षीय कारवाई होती.

बहुराष्ट्रीय सहकार्यात भारताचा भर संयुक्त प्रशिक्षण आणि आपत्तीतील मदतीवर राहिला आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्यासह भारत मदतकार्याच्या समन्वय गटात होता. पुण्यातील औंध लष्करी तळावर मार्च २०१६ मध्ये आसियान आणि सहयोगी अशा १८ देशांचा, तर मार्च २०१९ मध्ये आफ्रिकी देशांसमवेतचा संयुक्त सराव झाला. भूसुरुंग निकामी करणे आणि शांतिमोहिमांची कार्यपद्धती हे दोन्ही सरावांचे विषय होते. भाषा, संदेशवहन आणि आदेशाची पद्धत वेगळी असलेल्या तुकड्यांना संकटापूर्वीच एकमेकांची ओळख व्हावी, हा अशा सरावांचा मुख्य लाभ असतो.

सद्यःस्थिती

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांची संख्या आणि त्यांचा निधी घटत असताना प्रादेशिक संघटनांवरील भार वाढत आहे. युरोपचे लक्ष स्वतःच्या पूर्व सीमेकडे वळले आहे. पश्चिम आफ्रिकेत इकोवासमधून बाहेर पडलेल्या तीन देशांनी स्वतंत्र संयुक्त सैन्य उभारण्याचा मार्ग धरला आहे. त्यामुळे नजीकच्या काळात शीघ्र कृती दलांची संख्या कमी होण्याऐवजी वाढण्याची चिन्हे आहेत.

तथापि १९५६ पासूनचा अनुभव असा की, दलाचा वेग सैनिकांच्या सज्जतेपेक्षा सरकारांच्या निर्णयावर अधिक अवलंबून राहिला आहे. सुएझमध्ये सज्ज दल नसताना सैन्य ११ दिवसांत पोहोचले. रवांडासाठी १९ सरकारांची हमी असूनही कोणी आले नाही. नव्या दलांची सैनिकसंख्या, सराव आणि मुदती जाहीर होत राहतील. संकट उद्भवल्यावर त्यांना निघण्याचा आदेश कोण देणार, खर्च कोण सोसणार आणि प्राणहानी झाल्यास माघार न घेता कोण टिकून राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दलाकडे आधीच असतील, त्याच दलाची सज्जता खरी मानता येईल.